मदत हवी आहे: हॉल २५० माणसांचा, तरी १६० जणांची टेबलं बसत नाहीत

कवडसा | सोमवार, रात्री ११:४०
धाकट्या बहिणीचं लग्न आहे, हॉल ठरलाय, पैसे भरून झालेत. हॉलवाल्यांनी क्षमता २५० सांगितली होती. आमची माणसं १६०. गोल टेबलं, प्रत्येकी ८ जण, म्हणजे २० टेबलं. वहीत आराखडा काढला तर १६ च्या पुढे जातच नाही. व्यवस्थापक म्हणतात, "बसतात हो, नेहमीच बसतात." कसे बसतात ते मात्र सांगत नाहीत. परवा टेबलांचा आकडा कळवायचा आहे. कुणी असं काही केलं असेल तर लवकर सांगा, प्लीज.

मोजपट्टी | सोमवार, रात्री ११:५२
हॉलची लांबी-रुंदी? टेबलाचा व्यास? स्टेज आहे का? हे नसेल तर कुणीही काहीही सांगू शकणार नाही.

अंगणातली_जाई | मंगळवार, सकाळी ६:१५
माझं ऐका, बंद हॉलच नको. आमच्या मुलाचं लग्न हिरवळीवर केलं, इतकं सुंदर झालं! जागेची काळजी नाही, फोटोही नैसर्गिक उजेडात छान येतात. फक्त टेबलक्लॉथना खालून चिमटे लावा, वाऱ्यावर उडतात. आणि पाऊस आला तर काय करायचं ते आधी ठरवून ठेवा. आम्ही शेजारचा आडोसा त्याच दिवसासाठी राखून ठेवला होता.

कवडसा | मंगळवार, सकाळी ८:०५
जाईताई, पैसे भरून झालेत असं लिहिलंय मी. हॉल बदलणार नाही.
मोजपट्टी, हॉल ६० बाय ४५ फूट. टेबलं ५ फुटांची. स्टेज २० बाय १२, एका आखूड भिंतीला लागून.

मोजपट्टी | मंगळवार, सकाळी ८:४०
मग तुमचा १६ चा आकडा बरोबर आहे. दोन टेबलांच्या कडांमध्ये ५ फूट अंतर हवं. दोन्हीकडच्या खुर्च्या दीड-दीड फूट खातात आणि मधे वाढप्याला ताट घेऊन जायला २ फूट राहतात. म्हणजे एका टेबलाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत १० फूट. भिंतीपाशी साडेतीन फूट सोडा. ४५ फुटांत ४ टेबलं. लांबीतून स्टेजचे १२ आणि स्टेजसमोरचे ८ फूट गेले की ४० उरतात, त्यात ४ रांगा. ४ गुणिले ४, १६. ८ जणांप्रमाणे १२८ माणसं.
व्यवस्थापकांचा २५० हा आकडा नुसत्या खुर्च्या रांगेत लावल्या तरचा असणार. कार्यक्रम बघायला बसवायचं आणि जेवायला बसवायचं, यांची क्षमता कधीच एक नसते. हॉल बघताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: टेबलं मांडून किती?

तिसरी_घंटा | मंगळवार, सकाळी ९:१०
इतकी गणितं कशाला? एका टेबलावर १० जण बसवा, १६ टेबलांत १६० झाले. ५ फुटी टेबलाला १० खुर्च्या सहज लागतात. मी कितीतरी समारंभांत पाहिलंय.

निळी_शाई | मंगळवार, सकाळी ९:३५
खुर्च्या लागतात, ताटं लागत नाहीत. ५ फुटी टेबलाचा परीघ साधारण १८८ इंच. ८ जण बसले की प्रत्येकाला साडेतेवीस इंच मिळतात, १० बसले की १९ पेक्षाही कमी. मोठी ताटलीच साडेदहा इंचांची असते, तिच्या डावीकडे काटे, उजवीकडे सुरी-चमचा, वर पेला. ताटली काठापासून इंचभर आत ठेवायची, म्हणजे ती बसते त्या वर्तुळाचा परीघ आणखी लहान. शेजाऱ्याचं कोपर आपल्या पेल्याला लागतं. मी ७ वर्षं मांडणीचं काम केलंय. दाटीवाटीची टेबलं कितीही सजवली तरी देखणी दिसत नाहीत. माणशी २४ इंच मिळाले की साधं पांढरं कापडसुद्धा उठून दिसतं.

तिसरी_घंटा | मंगळवार, सकाळी ९:५०
लोक जेवायला येतात, कोपरं मोजायला नाही. आमच्याकडे १० बसवले होते, एकाचीही तक्रार आली नाही.

निळी_शाई | मंगळवार, सकाळी १०:०२
पाहुणे यजमानांकडे तक्रार करत नाहीत. लवकर उठून जातात.

दुपारचा_चहा | मंगळवार, सकाळी ११:२०
कवडसा, दिव्यांचं काही ठरलं का? हॉलमध्ये बहुतेक वेळा पांढरे प्रखर दिवे असतात, त्यात चेहरे फिके दिसतात आणि फुलांचा रंगही मरतो. २७०० ते ३००० केल्विनचे पिवळसर दिवे मागून घ्या. ते मंद करायची सोय असेल तर फारच उत्तम. स्टेजवर थोडा जास्त उजेड, टेबलांवर कमी.

जुना_खांब | मंगळवार, दुपारी १२:४५
टेबलं चौकटीत न मांडता तिरपी मांडा. पुढच्या रांगेतल्या दोन टेबलांच्या मधल्या फटीसमोर मागचं टेबल. रांगांमधलं अंतर १० वरून पावणेनऊ फुटांच्या आत येतं. आम्ही याच युक्तीने एक रांग वाढवली होती.

मोजपट्टी | मंगळवार, दुपारी १:१०
काका, करून पाहिलं. अंतर कमी होतं हे खरं, पण एकाआड एक रांग अर्ध्या अंतराने सरकते. ४५ फुटांत त्या रांगेत ४ ऐवजी ३ च टेबलं राहतात. चार रांगांत ४, ३, ४, ३ अशी १४ होतात. पाचवी रांग बसली तर १८, पण त्यासाठी ४३ फूट लागतात आणि आहेत ४०. स्टेजसमोरचे ८ फूट ५ वर आणले तर बसेल. मग पहिल्या रांगेच्या खुर्च्या सोडून साडेतीन फूट उरतात. तिथेच स्टेजच्या पायऱ्या, तिथेच फोटोवाले, तिथेच भेटायला येणारी माणसं.

जुना_खांब | मंगळवार, दुपारी १:३०
आमचा हॉल ५५ फूट रुंद होता, आत्ता आठवलं. तिथे जमलं. मोजपट्टी, तुमचं बरोबर आहे.
कवडसा, हॉलमध्ये खांब आहेत का?

कवडसा | मंगळवार, दुपारी ३:२५
हो, दोन आहेत. दीड-दीड फुटांचे, लांब भिंतींपासून प्रत्येकी १५ फुटांवर. लिहायचं राहिलं.

मोजपट्टी | मंगळवार, दुपारी ३:४०
आणि जेवण कसं? पाहुणे ताटं घेऊन वाढून घेणार की टेबलावर वाढणार? वाढून घेणार असतील तर पदार्थांची टेबलं नि समोरची रांग मिळून आणखी १० फूट जातील. म्हणजे टेबलांची एक अख्खी रांग.

कवडसा | मंगळवार, दुपारी ३:५५
टेबलावर वाढणार. वाढप्यांची ये-जा मागच्या भिंतीतल्या दारातून.

अंगणातली_जाई | मंगळवार, दुपारी ४:२०
टेबलावर वाढणार असाल तर दर १५-२० पाहुण्यांमागे एक वाढपी मागा. आमच्याकडे वाढपी कमी पडले. पहिल्या टेबलाचं आवरत आलं तरी शेवटच्या टेबलावर ताट पोचलं नव्हतं. त्या टेबलावर माझी थोरली जाऊ बसली होती, तिचं वाट बघणं मला अजून लागून राहिलंय.

निळी_शाई | मंगळवार, संध्याकाळी ५:०५
कवडसाताई, गोल टेबलांचा हट्ट आहे का? नसेल तर लांब टेबलांचा विचार करा. ८ फूट बाय अडीच फूट, एका बाजूला ४, दुसऱ्या बाजूला ४. प्रत्येकाला बरोबर २४ इंच. अशी ४ टेबलं टोकाला टोक जोडली की ३२ फुटांची एक ओळ, त्यात ३२ माणसं. ओळी स्टेजकडे तोंड करून लांबीत लावा. दोन ओळींमध्ये तेच ५ फूट, भिंतीपाशी साडेतीन. ४५ फुटांत ५ ओळी साडेएकोणचाळीस फुटांत बसतात. पाच ओळी, १६० माणसं.

मोजपट्टी | मंगळवार, संध्याकाळी ५:२०
पडताळून पाहिलं, बरोबर आहे. लांबीत स्टेजसमोर ८ फूट राहतात आणि मागेही ८. वाढप्यांचं दार मागेच आहे, तेही सोयीचं. प्रत्येक खांब एका ओळीच्या खुर्च्यांच्या जागेत थोडा घुसतो, म्हणजे प्रत्येकी एक खुर्ची काढा. १५८ राहिले. ओळींच्या मागच्या टोकांना एकेक खुर्ची लावली की ५ वाढतात. १६३.

तिसरी_घंटा | मंगळवार, संध्याकाळी ५:४५
लांब ओळी म्हणजे सभागृहातली परीक्षा वाटते. गोल टेबलावर सगळे एकमेकांशी बोलतात. लग्नात गप्पा व्हायला हव्यात ना?

निळी_शाई | मंगळवार, संध्याकाळी ६:१५
तुमची काळजी खरी आहे. पण गोल टेबलावरही माणूस शेजारच्या दोघांशीच बोलतो, समोरचा ५ फुटांवर असतो. लांब टेबलावर समोरचा अडीच फुटांवर. गप्पा उलट जास्त होतात, फक्त कुणासमोर कोण याचा विचार आधी करावा लागतो.
अडचण वेगळीच आहे. अडीच फूट म्हणजे ३० इंच. दोन्ही बाजूंच्या ताटल्या नि काठाची जागा धरून मधे ६-७ इंच उरतात. तिथे मोठा गुलदस्ता मावत नाही. बुटकी, अरुंद फुलं ठेवा, फूटभराच्या आत उंचीची, म्हणजे समोरचा चेहरा झाकला जाणार नाही. मोठी सजावट करायची हौस असेल तर ती स्टेजवर आणि दाराशी करा.

दुपारचा_चहा | मंगळवार, संध्याकाळी ६:४०
उंच सजावटही चालते. बारीक दांड्यावर, फुलं २ फुटांच्या वर. नजर खालून मोकळी राहते.

निळी_शाई | मंगळवार, संध्याकाळी ६:५०
गोल टेबलावर चालते. इथे ६ इंचांत दांड्याचा बैठा तळ कुठे ठेवणार? वाढपी दोन्ही बाजूंनी हात घालणार. एखादा दांडा कलला तर ताटात.

जुना_खांब | मंगळवार, रात्री ८:१०
एक विचारतो. लग्न कुठे लागणार आहे? त्याच हॉलमध्ये की बाहेर?

कवडसा | मंगळवार, रात्री ८:३०
त्याच हॉलमध्ये, स्टेजवर. मग तासाभराने जेवण. मधल्या वेळात खुर्च्या हलवून टेबलं लावू असं हॉलवाले म्हणालेत.

जुना_खांब | मंगळवार, रात्री ८:५०
बाई, हे आधी सांगायचं! १६० माणसं तासभर कुठे उभी राहणार? पुतणीच्या लग्नात आम्ही हेच केलं. म्हातारी माणसं जिन्यात बसली होती. टेबलं लावणं, कापडं घालणं, ताटल्या, काटे-चमचे, पेले. २० माणसं राबली तरी तासात धड होत नाही. घाईत सुऱ्यांची धार शेजाऱ्याकडे वळलेली, पेले डावीकडे, हातरुमाल चुरगळलेले. दिवसभराची हौस त्या एका तासात गेली.

निळी_शाई | मंगळवार, रात्री ९:०५
म्हणूनही ओळी बऱ्या. टेबलं सकाळीच मांडून ठेवा आणि लोकांना लग्नापासूनच टेबलांशी बसवा. गोल टेबलांवर निम्म्या माणसांची पाठ स्टेजकडे होते, त्यांना खुर्च्या फिरवाव्या लागतात. ओळी स्टेजकडे जाणाऱ्या असल्या की सगळे कडेने बसलेले असतात, मान वळवली की दिसतं. पेले आणि हातरुमाल आधी मांडा, ताटल्या जेवणाच्या वेळी आणा.
मांडणीचं विचारलं नाहीत, तरी सांगते. काटे डावीकडे, सुरी उजवीकडे धार ताटलीकडे करून, चमचा सुरीच्या बाहेर, पेला सुरीच्या टोकाच्या वर. जे आधी लागणार ते बाहेरच्या बाजूला. जेवणात जे लागणारच नाही ते मांडू नका, जागा अडते. टेबलं जोडता तिथे कापडं एकमेकांवर चढवा आणि वरच्या कापडाची कड दाराच्या उलट दिशेला ठेवा, म्हणजे आत येणाऱ्याला जोड दिसत नाही. ३० इंच उंचीच्या टेबलाला जमिनीपर्यंत कापड हवं असेल तर प्रत्येक बाजूला ३० इंच जास्त धरा.

कवडसा | बुधवार, सकाळी ७:५०
रात्री बहिणीला दाखवलं, तिला ओळी आवडल्या. आईला गोलच हवी होती, पण आजीचा प्रश्न आला आणि तीही तयार झाली. आजी चाकाच्या खुर्चीत असते. तिच्यासाठी जागा कुठे करू?

मोजपट्टी | बुधवार, सकाळी ८:१५
ओळीच्या मागच्या टोकाला नको, तिथून स्टेज लांब पडेल. पुढच्या टोकाला, स्टेजसमोरच्या मोकळ्या जागेकडून. चाकाच्या खुर्चीला साधारण अडीच बाय ४ फूट जागा लागते आणि वळायला ५ फुटांचं वर्तुळ. तुमच्याकडे ८ फूट आहेत. तिथल्या टेबलाखाली आडवी पट्टी नाही ना, गुडघे आत जातात ना, ते बघून घ्या. आणि हॉलच्या दाराशी पायऱ्या असतील तर उतार आहे का तेही. एक फूट उंची चढायला १२ फूट लांबीचा उतार लागतो, त्याहून उभा असेल तर खुर्ची ढकलणाऱ्याची दमछाक होते.

अंगणातली_जाई | बुधवार, सकाळी ९:३०
आजीशेजारी कोण बसणार तेही ठरवा. तिला जेवताना मदत लागत असेल तर शेजारी घरचंच माणूस हवं, आणि त्या माणसाला त्या दिवशी दुसरं काम देऊ नका.

तिसरी_घंटा | बुधवार, सकाळी १०:४५
नावांच्या चिठ्ठ्या लावणार असाल तर दाराशी आडनावाच्या अक्षरक्रमाने लावा, टेबलाच्या क्रमाने नको. टेबलाच्या क्रमाने लावल्या तर प्रत्येक माणूस सगळ्या चिठ्ठ्या वाचत उभा राहतो. ओळींना आकडे द्या, ओळीत कुणी कुठे बसायचं ते ज्याच्या त्याच्यावर सोडा.

निळी_शाई | बुधवार, सकाळी ११:००
हे मात्र अगदी पटलं.

कवडसा | बुधवार, संध्याकाळी ७:२०
आज मामाला घेऊन हॉलवर गेले होते. जमिनीवर खडूने पाचही ओळी आखल्या, खऱ्या खुर्च्या आणून बसून पाहिलं. मामा वाढप्यासारखा हातात परात घेऊन मधून चालला, जातो नीट. दोन खांबांपाशी एकेक खुर्ची काढावी लागली, मोजपट्टी म्हणाले होते तसंच. एक गोष्ट मी तुम्हाला सांगितलीच नव्हती: डाव्या भिंतीत आणीबाणीचं दार आहे. साडेपाच फूट मोकळे उरत होते ते सगळे त्या बाजूला सरकवले, आता दारासमोर ९ फूट मोकळे आहेत. आजीच्या जागेवरून स्टेज समोर दिसतो, मी तिथे गुडघ्यावर बसून तिच्या उंचीवरून पाहिलं. २० लांब टेबलं कळवली.
व्यवस्थापक म्हणाले ८ फुटी टेबलं त्यांच्याकडे १४ च आहेत, बाकी ६ फुटी आहेत. चालतील का?

मोजपट्टी | बुधवार, संध्याकाळी ७:३५
६ फुटींची रुंदी मोजून आणली का?