मदत हवी आहे : 4 फुटी माशांच्या टाकीला 8 एमएम काच पुरेल का?

नमस्कार मंडळी. नाशिकला इंदिरानगरात, दुसऱ्या मजल्यावर राहतो. हॉलसाठी 120 × 45 × 60 सेंमीची टाकी करून घ्यायची आहे. उंची 60. पाणी 324 लिटर, म्हणजे काचेसकट चारशे किलो तरी.

दुकानदार म्हणतो, "8 एमएम बिनधास्त टाका." मला धीर होत नाही. दाब लिटरवर नाही, पाण्याच्या उंचीवर ठरतो. 45 सेंमी उंचीला 8 एमएम चालते, पण 60 ला तीच काच? नेहमीचं सूत्र, 3.8 चा सेफ्टी फॅक्टर (म्हणजे काचेवर येणाऱ्या ताणाच्या 3.8 पट ताकद) धरून मांडलं तर वरची कड मोकळी असताना 11.7 एमएम येतात. म्हणजे 12 चीच काच. वरून काचेच्या पट्ट्या मारल्या तर 10 वर भागेल का? की पट्टीचं सिलिकॉन सुटलं तर सगळंच गेलं?

अंबडचा एक फॅब्रिकेटर 10 एमएम अ‍ॅक्रिलिक सुचवतोय. वजन काचेच्या निम्म्याहून कमी, हे खरं. पण अ‍ॅक्रिलिक काचेपेक्षा साधारण वीसपट लवचिक, पोट सुटणारच. शिवाय शेवाळ खरवडताना ओरखडे. वरची चौकट न देता अ‍ॅक्रिलिक वापरलेलं कुणी आहे का इथे? किती जाडी घेतली, दोन-तीन वर्षांनी किती फुगलं?

टफन (तापवून कडक केलेल्या) काचेला नंतर भोक पाडता येत नाही, म्हणून ती नको. मागे पाइप काढायचा आहे.

खाली शेजाऱ्यांनी नुकतंच पीओपी केलंय. लवकर सांगा, शनिवारी अ‍ॅडव्हान्स द्यायचाय.