बाजारीकरण की व्यावसायीकरण? आणि 'पब्लिक ट्रस्ट'चं काय करायचं

कोथरूडहून: मंडळी, एक अडलंय. सरकारी पैशातून झालेलं वैद्यकीय संशोधन कंपन्यांकडे जातं तेव्हा लोकांचा विश्वास टिकतो का, अशा लेखाचं भाषांतर करतेय. 'कमर्शियलायझेशन'ला बाजारीकरण लिहिलं तर संपादक म्हणाले हा शब्द आधीच निकाल देऊन टाकतो. आणि 'पब्लिक ट्रस्ट'चं मी घाईत चक्क 'सार्वजनिक न्यास' केलेलं, म्हणजे थेट धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात 😄

सदाशिव पेठ: ताई, संपादकांचं बरोबरे. बाजारीकरण आपण शिक्षणाचं नाहीतर गणेशोत्सवाचं म्हणतो, तेही नाक मुरडूनच. व्यावसायीकरण लिहा.

पाषाण: काका, नाही पटत. व्यवसायात वकिली-डॉक्टरकीपण आली, त्यात काय वाईट? आपल्या इथलंच घ्या ना, कोव्हॅक्सिन या कोरोना लसीसाठीचा विषाणू एनआयव्हीने, म्हणजे पुण्याच्या सरकारी विषाणू संस्थेने, वेगळा काढून दिला, लस केली हैदराबादच्या भारत बायोटेकने, आणि आयसीएमआरला, म्हणजे एनआयव्ही जिच्याखाली येते त्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेला, निव्वळ विक्रीवर ५ टक्के रॉयल्टी ठरली. आता एनआयव्ही काय बाटल्या भरत बसणार होती का, कुणीतरी बाजारात आणायलाच हवी होती. पण पेटंटच्या अर्जात आयसीएमआरचं नावच नव्हतं, २०२४ मध्ये ओरड झाल्यावर कंपनी म्हणाली अनवधानाने राहिलं, घालतो. त्या दिवशी मीसुद्धा बाजारीकरणच म्हणालो असतो.

सदाशिव पेठ: बघा, तुम्हीच लिहिलंत की, 'बाजारात आणायला'! लस बाजारात आणली यात कुणाला टोचत नाही, लसीचा बाजार मांडला म्हटलं की टोचतं. शब्द तोच, क्रियापद बदललं. त्या -करणाच्या शेपटीनेच सगळा घोळ होतो. आणि रॉयल्टीला स्वामित्वधन करू नका हं, ते तहसीलमधल्या मुरमाच्या पावतीवर शोभतं.

पाषाण: शोभण्याचं सोडा, स्वामित्व कुणाचं हाच तर वाद आहे. पैसा करदात्यांचा, म्हणजे संस्था मालक नाही, विश्वस्त. म्हणून ताईंचा न्यास मला तितका चुकीचा वाटत नाही, विश्वास आणि विश्वस्त एकाच धातूचे, १९५० च्या त्या ट्रस्टच्या कायद्याच्या नावातही 'सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था' आहेच.

कोथरूडहून: न्यास नको बाई, वाचक देणगीची पावती शोधतील. शीर्षक करते 'सरकारी संशोधन बाजारात येताना', आत सगळीकडे 'लोकांचा भरवसा', आणि विश्वस्त शब्द पेटंटच्या परिच्छेदात एकदाच. रॉयल्टी रॉयल्टीच ठेवते.