एमजी बी रोडस्टर (१९७०), एका गाडीचं गॅरेज: आधी इंजिन की आधी पत्रा?

अर्धाइंची

मंडळी, गाडी १९७० ची एमजी बी रोडस्टर. वायर व्हील (तारांची चाकं), ओव्हरड्राइव्ह (गिअरबॉक्सला जोडलेला जादा उंच गिअर). इंग्लंडात रीडिंग गावाजवळच्या एका शेडमध्ये ११ वर्षं उभी होती, आता माझ्या दारात आहे. इंजिन पुली नटवर पाना लावून फिरतं, पण चालू करून पाहिलेलं नाही. ब्रेकचं पेडल थेट तळाला जातं. दाराखालच्या सिलवर रंग बरा दिसतो. मात्र उजवं दार लावताना मागच्या वरच्या कोपऱ्यात विंगला (चाकावरच्या पत्र्याला) घासतं, आणि त्याच फटीत खाली करंगळी सहज जाते. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा ओला असतो.

गॅरेज ८ बाय १६ फूट. मिग वेल्डर आहे, साध्या पत्र्यावर हात बसलेला आहे. प्रश्न असे: काम कुठून सुरू करायचं, गाडी पूर्ण सोलायची का, आणि घरी काय करू नये?

---

सांधेजोड

फटीचं जे वर्णन दिलंत त्यातच पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. या गाडीला वेगळी चासी नाही, आणि डोक्यावर पत्र्याचा टप नसल्यामुळे पुढचा आणि मागचा भाग धरून ठेवायला दोन सिल आणि मधला (गिअरबॉक्सवरचा) बोगदा एवढंच आहे. सिल कुजली की गाडी मध्ये वाकते, दाराचे दोन्ही खांब वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकतात. म्हणून वर घासतं, खाली फट वाढते. बिजागरी सैल असेल तर दार उघडून मागच्या टोकाला धरून उचला: खटखट आली तर बिजागरी, नाही आली तर सिल.

सिल म्हणजे एक पत्रा नव्हे. बाहेरची सिल, मधला उभा पडदा, आतली सिल, आणि खाली किल्ल्याच्या तटासारख्या आकाराची कॅसल रेल. पाणी आणि चिखल या पेटीत साठतो आणि पत्रा आतून बाहेर खातो, म्हणून रंगावर जाऊ नका. पुढचा विंग बोल्टचा आहे, तो काढा. सिल त्याच्या मागून पुढच्या चाकापर्यंत जाते, आणि मागे रिअर विंगच्या खालच्या टोकाआड. खरा गंज याच दोन लपलेल्या टोकांना असतो. टोच्या घ्या, कॅसल रेलला टोचत जा.

कापण्याआधी:

गाडी चारही ठिकाणी एका पातळीत हवी. पुढे क्रॉसमेंबरजवळच्या रेल्सखाली, मागे ॲक्सलखाली स्टँड. मधोमध स्टँड ठेवला तर कुजलेली गाडी उलट्या बाजूने वाकते. दार बसवलेलंच ठेवा. फट बंद झालेली असेल तर मध्ये लाकडी फळी घालून जॅकने अगदी थोडं उचला, फट वरपासून खालपर्यंत सारखी झाली की थांबा. मग २५ मिमीच्या चौकोनी पाइपची कैची पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत जोडा. ती आतल्या बाजूला घ्या, म्हणजे दार लावून पाहता येईल. एक आडवा पाइप डाव्या खांबापासून उजव्या खांबापर्यंतही हवा.

एका वेळी एकच बाजू. दुसऱ्या बाजूला हात लावायचा नाही, ती कितीही कुजलेली असली तरी. दोन्ही सिल एकदम कापल्या तर नवे पत्रे वाकड्या गाडीवर बसतात, आणि मग ती वाकडी गाडी कायमची.

जोडताना आधी सगळं क्लॅम्पवर कोरडं बसवून दार लावून पाहा. नव्या पत्र्याच्या कडेला ६ मिमीची भोकं पाडून प्लग वेल्ड (भोकातून खालच्या पत्र्याला टाका), साधारण मूळ स्पॉट वेल्डच्याच अंतराने. तार ०.६ मिमी, गॅस आर्गनचं मिश्रण. मधून सुरुवात करून दोन्हीकडे उड्या मारत जा. दर चार-पाच टाक्यांनंतर दार लावून बघा. सलग शिवण ओढली की पत्रा तापून आकसतो आणि तासाभरापूर्वीची फट गायब होते. कॅसल रेलच्या खालची निचऱ्याची भोकं वेल्डिंगने किंवा सीलरने बुजवू नका. मूळ सिल त्याच चुकीने कुजतात.

पायाखालच्या ओलाव्याचं कारण बहुतेक वेगळं आहे. वायपरपुढच्या जाळीतून आत जाणारं पाणी एका रबरी नळीने बोगद्याजवळ खाली उतरतं. नळीत पानं अडकली की पाणी हीटरच्या बाजूने गाडीत येतं. आधी ती नळी मोकळी करा, नाहीतर नवा फ्लोअरही दोन हिवाळ्यांत जाईल.

---

टॅपेट

सांधेजोड यांच्याशी सहमत, एक दुरुस्ती सोडून: पत्र्याला हात लावण्याआधी एक दुपार इंजिनला द्या. बाहेर काढल्यावर ते कसं चालायचं हे कळत नाही, आणि चांगल्या इंजिनाचं उगाच ओव्हरहॉल होतं.

प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल, रात्रभर तसंच. दुसऱ्या दिवशी हाताने दोन-तीन फेऱ्या. ऑइल आणि फिल्टर बदला. फिल्टरसकट साधारण सव्वाचार लिटर लागतं. मग प्लग न लावता स्टार्टर मारा आणि डॅशबोर्डवरच्या प्रेशर गेजकडे लक्ष ठेवा. काटा हलेपर्यंत प्लग लावायचे नाहीत. बरीच वर्षं उभ्या असलेल्या बी-सिरीजमध्ये (या इंजिनाच्या घराण्याचं नाव) पंप कोरडा पडलेला असतो. काटा हललाच नाही तर पंपापर्यंत तेल पोचवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब): हाय कॉम्प्रेशन इंजिनात १६० पीएसआयच्या आसपास यायला हवं. आकड्यापेक्षा चारही सिलिंडर सारखे असणं महत्त्वाचं. एक खाली असेल तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. वाढलं तर रिंग, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन एकदम खाली असतील तर हेड गॅस्केट.

जुनं पेट्रोल टाकीत ठेवू नका. टाकी काढाच, वेल्डिंगसाठी तशीही काढावी लागेल. ही टाकी खालून नाही तर वरून सडते, कारण डिकीचा पत्रा आणि टाकी यांच्यामध्ये चिखल बसतो. खालून बघून ‘टाकी चांगली आहे’ म्हणणारे पुष्कळ.

चालू झालं तर गरम इंजिनाला रस्त्यावरच्या फेऱ्यांत ५० ते ७० पीएसआय आणि आयडलला १५ च्या वर म्हणजे बेअरिंगना त्रास देऊ नका.

---

अण्णापाना

पुण्याहून. टॅपेट यांच्या मुद्द्यात थोडी भर.

ज्यांनी आपल्याकडे जुनी पेट्रोल ॲम्बॅसिडर उघडली आहे त्यांना हे इंजिन परकं वाटणार नाही. तीही बी-सिरीजच. तिचं १४८९ सीसी, एमजी बीचं १७९८. स्ट्रोक दोन्हींचा ८८.९ मिमी, बोअर मात्र ७३ विरुद्ध ८०.२६. नातं सख्ख्या भावांचं, पण म्हणून भारतातून पिस्टन, गॅस्केट मागवायच्या फंदात पडू नका. इंग्लंडात या गाडीचे भाग जितके सहज मिळतात तितके कुठल्याच जुन्या गाडीचे मिळत नसतील. अख्खी नवी बॉडीसुद्धा ब्रिटिश मोटर हेरिटेज १९८८ पासून बनवते.

टॅपेटची (व्हॉल्व्हवरची) फट थंड इंजिनात ०.०१५ इंच. क्रम नऊच्या बेरजेने: १ नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना ८ चा लावायचा, ३ उघडा तर ६ चा. रॉकरच्या टोकाला खड्डा पडला असेल तर फीलर गेज खड्ड्यावरून जाते आणि माप खोटं येतं. टॅपेट लावूनही वाजत राहिले तर आधी रॉकर आणि शाफ्ट बघा. हेडचे नट ४५ ते ५० फूट-पाउंड, मधून बाहेर, तीन टप्प्यांत, थंड इंजिनात.

१९७० च्या हेडमध्ये व्हॉल्व्हच्या सीट मूळच्या मऊ आहेत. त्यांना झिजण्यापासून वाचवणारं शिशाचं पेट्रोल इंग्लंडात १९९९ अखेर बंद झालं. हेड काढलंच तर एक्झॉस्टला कडक सीट बसवून घ्या. नाही काढलं तर घाई नाही, टॅपेट दर काही हजार मैलांनी मोजा: फट आपोआप कमी होत गेली तर सीट खाली बसते आहे.

ऑइल २०डब्ल्यू-५०, झिंक भरपूर असलेलं. गिअरबॉक्समध्येही तेच, कारण ओव्हरड्राइव्ह त्याच तेलावर चालतो. ९० नंबरचं गिअर ऑइल फक्त मागच्या ॲक्सलमध्ये. हे उलटसुलट केलेल्या गाड्यांचा ओव्हरड्राइव्ह ‘खराब’ म्हणून विकला जातो.

---

अर्धाइंची

सगळ्यांचे आभार. उजवा पुढचा विंग काढला. सिलच्या खालच्या कडेला पत्र्याचे थर मोजले तर अपेक्षेपेक्षा एक जास्त, आणि त्यावर जाड डांबर. टोच्या मध्यभागी आत गेला नाही, पुढच्या टोकाला दांड्यापर्यंत गेला.

कॉम्प्रेशन १५५, १५०, १५५, १५०. प्रेशरचा काटा तिसऱ्या स्टार्टरला उठला.

अजून दोन शंका: इंजिन आता बाहेर काढू का? आणि वायरिंग सगळं नवं घ्यावं का? इंडिकेटर लावला की मागचे दिवे मंद होतात.

---

सांधेजोड

कव्हर सिल. कुजलेल्या सिलवर नवा पत्रा चढवून कडेने वेल्ड मारलेला आणि वर डांबर. ताकद शून्य, आतला गंज मात्र दोन पत्र्यांमध्ये ओला राहून दुप्पट वेगाने वाढतो. दोन्ही बाजूंना हेच असणार असं धरून चला. डांबर ग्राइंडरने काढू नका, ते फक्त वितळून पसरतं. हीट गनने गरम करून पट्टीने खरवडा. कोपऱ्यात राहिलेलं डांबर वेल्डिंगच्या ठिणगीने पेटतं, म्हणून कार्पेट, सीट बाहेर, पाण्याची बादली आणि अग्निशामक हाताशी, आणि काम संपल्यावर अर्धा तास गाडीजवळून हलू नका. बॅटरी सुटी करा, अल्टरनेटरचा प्लग काढा.

इंजिन या आकड्यांवर उघडायचं कारण नाही. पण बाहेर काढावं लागू शकतं, कारण या गाडीत क्लच बदलायला दुसरा रस्ताच नाही. नुसता गिअरबॉक्स खालून निघत नाही. ११ वर्षांनी क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असते. सुटली नाही तर इंजिन-गिअरबॉक्स एकत्र, रेडिएटर आणि त्याचा पत्रा काढून, नाक वर करून तिरकं. गिअरबॉक्सचं तेल आधी काढा. बाहेर आलंच तर क्लच, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं सील एकदमच.

गाडी पाच फूट रुंद आणि पावणेतेरा फूट लांब. तुमच्या गॅरेजात दोन्ही बाजूंना मिळून तीन फूट उरतात. मधोमध ठेवली तर दोन्हीकडे दार उघडत नाही. एका भिंतीला लावा, मोकळी बाजू संपली की बाहेर काढून नाक उलटं करून परत आत. इंजिनची क्रेन आत मावणार नाही, ते काम गॅरेजच्या दारात, गाडीचं नाक बाहेर ठेवून. पूर्ण सोललेल्या गाडीचे विंग, दारं, सीट, टप ठेवायला दुसरी खोली असेल तरच पूर्ण सोला. नाहीतर एकेक भाग काढा, बसवा, पुढे जा.

---

काळाधूर

वायरिंग नवं नको. तुमचं लक्षण अर्थिंगचं आहे. १९७० ची गाडी निगेटिव्ह अर्थ (बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला) आहे, पण अर्थ बॉडीतून जातो आणि तुमच्या बॉडीचं काय झालंय ते वर आलंच आहे. डिकीतल्या अर्थच्या नटाखालचा पत्रा चमकेपर्यंत घासा, नट घट्ट करा, वर ग्रीस. मग रबरी बाहीतल्या पितळी बुलेट जोडण्या एकेक करून काढून साफ करा. नव्वद टक्के दिवे इथेच परत येतात.

इंजिन आणि बॉडी यांच्यामधली विणलेली अर्थ पट्टी नक्की बघा. ती तुटली तर स्टार्टरचा करंट चोक किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परत जातो. स्टार्टर मारताना चोकची केबल गरम लागली की निदान झालं.

सीटमागे दोन ६ व्होल्टच्या बॅटऱ्या असतील तर त्यांच्या पेट्यांच्या तळाला हात घालून पाहा. ॲसिडने तिथला पत्रा आधी जातो.

---

टॅपेट

ब्रेकवर कोणी बोललं नाही. ब्रिटिश बाजारातल्या त्या वर्षाच्या गाडीला एकच सर्किट आहे: एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. मास्टर सिलिंडर, मागचे व्हील सिलिंडर, तिन्ही रबरी होज, सगळ्या पाइप बदला, पाइप तांबं-निकेलचे ३/१६ इंची. जुने होज बाहेरून ठणठणीत दिसतात पण आतून सुजतात. दाबल्यावर तेल जातं, सोडल्यावर परत येत नाही, आणि चाक तापतं. तेल डॉट ४.

पेट्रोलच्या रबरी नळ्याही तशाच. सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनमधलं साधं पेट्रोल ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं) आहे, जुनं रबर त्यात फुगतं आणि तडकतं. नळीवर आर९ (इथेनॉल सोसणाऱ्या नळीची खूण) छापलेलं बघून घ्या.

वायर व्हील जॅकवर घेऊन, ब्रेक दाबून धरायला सांगून, चाक पुढेमागे जोराने हलवा. टक आवाज आला तर हबचे दाते झिजलेत. नवं चाक झिजलेल्या हबवर चढवू नका, महिन्यात त्याचेही दाते जातात.

---

सांधेजोड

घरी न करण्याचं काम एकच: टू-के (हार्डनर मिसळायचा दोन भागांचा) रंग फवारणं. त्यात आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं, साधा मास्क चालत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो, आणि घराला चिकटलेल्या गॅरेजात तर बिलकुल नको. टू-के इपॉक्सी प्रायमर ब्रशने लावता येतो, त्याला हातमोजे आणि उघडं दार पुरे. नुसत्या हाय-बिल्ड (जाड थराच्या) प्रायमरवर गाडी पावसात ठेवू नका, तो पाणी शोषतो आणि खालून गंज सुरू होतो.

सिलच्या पोकळीत भरायचं गंजरोधक मेण रंगानंतर. आधी घातलं तर पुढच्या वेल्डिंगला पेट घेतं आणि रंगाला डोळे पडतात. दोन्ही टोकांतून लांब नळीने, कोमट दिवशी, निचऱ्याच्या भोकांतून ठिबकायला लागेपर्यंत. मग ती भोकं तारेने पुन्हा मोकळी करा.