मदत हवी आहे: पोहणाऱ्या मुलीच्या हाडांसाठी अजून काय करावं?

नमस्कार मंडळी, आम्ही बडोद्यात दांडिया बाजारला राहतो, लेक १३ वर्षांची, सकाळ-संध्याकाळ पूलमध्येच असते, दम जबरदस्त आहे पण दुसरा कुठलाच खेळ नाही. पाण्यात शरीराचा भार हाडांवर फारसा पडत नाही म्हणून पोहणाऱ्या मुलांची हाडं जिम्नॅस्टिक्स किंवा बास्केटबॉलवाल्यांइतकी दाट होत नाहीत म्हणे, आणि हाडं भरायचं वय तर हेच, त्यामुळे काळजी वाटतेय. पोहणं अजिबात सोडवायचं नाहीये! दोरीच्या उड्या आठवड्यातून किती वेळा कराव्यात? नवरात्रात गरबा मात्र दणकून खेळते, बाकी वर्षभर उड्या अशा नाहीतच. दूध, नाचणी, तीळ रोज पोटात जातं, पण पूल छताखाली, ऊन लागत नाही, व्हिटॅमिन डी तपासून घ्यावं का? कुणाची मुलं स्टेट लेव्हलला पोहत असतील तर जमिनीवरचा व्यायाम काय करतात ते प्लीज सांगा.