कृषी पर्यटन: एका शेतकऱ्याचं की सगळ्या शिवाराचं?

तिफण
मागच्या हंगामातली सकाळ. आमच्याकडे मुक्कामाला आलेली एक लहान मुलगी गोठ्याच्या दारात उभी होती, वासराला हात लावू की नको अशी घुटमळत. तेवढ्यात शेजारच्या रानात फवारणीचा पंप सुरू झाला. वारा आमच्या दिशेनं. दहा मिनिटांत सगळे आत, खिडक्या बंद. शेजाऱ्याची काहीच चूक नव्हती. कीड वाढली होती, त्याला फवारायचंच होतं, आणि घरी पाहुणे आहेत हे मी त्याच्या कानावरही घातलं नव्हतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. पाहुणा पैसे देतो खोलीचे, पण येतो शिवारासाठी. ओढा, पायवाट, समोर डुलणारं पीक, रात्रीचा गडद अंधार, यातलं माझ्या नावावर किती आहे? आजूबाजूच्यांशी ठरवून, उत्पन्न वाटून केलं तरच हे टिकतं. तुम्हाला काय वाटतं?

ओलावा
अजिबात पटलं नाही. कर्ज माझ्या नावावर, रात्री अडीचला नळ गळतो म्हणून उठणारी मी, आणि वाटणी सगळ्यांत? आमच्या भागात असा गट झाला होता. पहिल्या वर्षी बैठकीला वीस माणसं, दुसऱ्या वर्षी राबणारी आम्ही तिघं, फलकावर नावं मात्र वीसच्या वीस. आयत्या बिळावर नागोबा! शिवाय एका घरी अंथरूण अस्वच्छ निघालं की बोल सगळ्यांना लागतो. शेजाऱ्याशी गोडीनं राहावं हे मान्य, पण त्याला भागीदार कशाला करायचं?

रानवाट
आधी कृषी पर्यटन कशाला म्हणायचं ते ठरवू. शेतात चार खोल्या आणि पोहण्याचा तलाव बांधला की झालं, असं समजणारे खूप आहेत. इटलीनं यासाठी 1985 मध्ये कायदा केला आणि 2006 मध्ये त्याच्या जागी नवा आणला. त्याचा गाभा साधा आहे: शेती मुख्य, पाहुणचार तिला जोडलेला. शेती मुख्य आहे की नाही, हे कामाला लागणाऱ्या वेळावरून पाहतात. पाहुणे दहापर्यंतच असतील तर ती मुख्य आहेच असं धरतात. आणि जेवणात स्वतःच्या शेतातला व परिसरातल्या शेतांतला माल असावा, अशी अपेक्षा आहे. म्हणजे ओलावाताई, शेजारी तिथं व्याख्येतच येऊन बसलाय. पण भागीदार म्हणून नाही, माल पुरवणारा म्हणून. हा मधला रस्ता मला पटतो.

ओलावा
माल घेणं वेगळं. तो मी घेतेच, रोख पैसे देऊन. त्याला सहकार नाही, खरेदी म्हणतात.

कणगी
अस्वच्छ अंथरुणाचा मुद्दा खरा आहे, पण त्यावर एकट्यानं चालणं हा उपाय नाही. इटलीतल्याच दक्षिण तिरोलमध्ये शेतकरी संघटनेनं ‘रोटर हान’, म्हणजे लाल कोंबडा, या एकाच नावाखाली शेतघरं आणली आहेत. घरांची तपासणी होते आणि दर्जाप्रमाणे फुलं मिळतात. पाहुणा फुलं मोजून घर निवडतो. घर ज्याचं त्याचं, कर्जही ज्याचं त्याचं. सामायिक आहे ते नाव आणि तपासणी. तुमच्या गटात तपासायला कुणी होतं का? नसेल, तर बुडाली ती शिस्त. सहकाराला कशाला बोल लावता?

बांधावरून
मी या सगळ्यातला तो शेजारी आहे. माझ्याकडे खोल्या नाहीत, पाहुणे नाहीत. माझं पीक मात्र दुसऱ्याच्या जाहिरातीतल्या फोटोत आहे.

काय सोसतो ते सांगतो. मळणीच्या ऐन दिवसात अरुंद रस्त्यावर पाहुण्यांची गाडी आडवी लावलेली. हार्वेस्टर तासाच्या भाड्यानं आणलेला, तो चाळीस मिनिटं उभा. चालकाला शोधायला मी ओढ्यापर्यंत पळालो. एकदा फाटक उघडं राहिलं आणि दोन गाई उभ्या पिकात शिरल्या. ज्यांनी ते उघडलं त्यांना याचा पत्ताही नाही, ते फुलपाखरू दाखवत होते मुलांना. चांगली माणसं होती, त्यांच्यावर राग नाही.

तिफण, तुमची वाटणी मला नको. ती घेतली की मी तुमचा मिंधा, मग फवारणी कधी करायची तेही तुम्ही ठरवणार. आणि ओलावाताई, तुमची ‘गोडी’ही पुरत नाही, कारण गोडीच्या नावाखाली आम्हाला कुणी काही विचारतच नाही. मला हवंय ते आधी विचारणं आणि नुकसान झालं तर भरून देणं.

कणगी
हे वाचून एलिनॉर ऑस्ट्रॉम आठवल्या. सामायिक कुरणं, पाणी, मासेमारी लोक स्वतः कशी सांभाळतात, या अभ्यासासाठी त्यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी दिलेलं स्वित्झर्लंडच्या ट्योर्बेल गावाचं उदाहरण इथं चपखल बसतं. 1517 पासून तिथं नियम होता: हिवाळ्यात स्वतःच्या वैरणीवर जितक्या गाई जगवता येतील, तितक्याच उन्हाळ्यात डोंगरावरच्या कुरणात सोडायच्या. आपला रस्ता आणि ओढा हेही कुरणच आहे. ज्याच्या अंगणात जेवढ्या गाड्या मावतात, तेवढेच पाहुणे.

ओलावा
हा नियम मला चालेल. यात कुणाला फुकटचा वाटा नाही. पण वाटणीला माझा विरोध कायम आहे.

तिफण
बांधावरून, तुमचं बोलणं लागलं. वाटा देऊ केला की शेजारी खूश, असं मी धरून चाललो होतो, विचारलं नव्हतंच. तरी एक सांगतो. 2001 मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या खुरकूत हा जनावरांचा साथीचा रोग पसरला तेव्हा ग्रामीण भागातल्या पायवाटा बंद केल्या गेल्या आणि जनावरंच नसलेल्या घरांचेही पाहुणे तुटले. संकट असं सगळ्यांवर येतं. त्या दिवसासाठी थोडा सामायिक निधी हवाच, म्हणून वाटणीचा मुद्दा मी पूर्ण सोडत नाही. नुकसानभरपाई त्यातूनच देता येईल.

बांधावरून
निधी तुमच्यासारखे पाहुणे घेणारे भरणार असतील तर ठीक. मीही फवारणीच्या आदल्या संध्याकाळी कळवत जाईन. आता फाटकाचं बोला. किल्ली कुणाकडे राहणार?