सागवानी टेबल आणि पावसाळा
टेबल देखणं झालंय, रंधा मारल्यावर सागाच्या रेषा काय सुंदर उठल्यात! फक्त वरची फळी चौकटीला चारही बाजूंनी स्क्रूने घट्ट आवळलीय म्हणालात, ते पावसाळ्याआधी बदला. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत दमट हवेत फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. सरकायला जागा नसेल तर चिरतं नाहीतर वाकतं. मधले स्क्रू राहू द्या. कडेची चौकटीतली भोकं फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट करा आणि वॉशर घाला. पॉलिश खालूनही मारा, तिकडे पुष्कळ सुतारही कानाडोळा करतात. १८ मिमी प्लायला ही कटकट जवळजवळ नसते, पण मग ती सागाची मजाही नाही म्हणा. टेबल बाल्कनीत ठेवणार असाल तर सांधे वॉटरप्रूफ गोंदानेच चिकटवा.