काजूच्या भाटात (बागेत) माजलेली झाडी साफ करायला कोणत्या बकऱ्या घेऊ?

केरीची_लेक:
नमस्कार. गोव्यात सत्तरी तालुक्यात केरीजवळ आजोबांची साडेतीन हजार चौरस मीटर चढावाची जमीन आहे. वरच्या अंगाला जुने काजू, खाली दोन वर्षांपूर्वी लावलेली वेंगुर्ला-4 या काजूच्या जातीची 22 कलमं. मधल्या पट्ट्यात करवंदाच्या जाळ्या, उक्षी, घाणेरी आणि रानमोडी एवढी माजलीय की विहिरीकडे जायला वाट उरलेली नाही. दरवर्षी दसऱ्याच्या सुमाराला कटर मारून घेते, महिन्याभरात पुन्हा गुडघाभर फूट येते. म्हणून चार-पाच बकऱ्या ठेवायचं ठरवलंय. दुधाचा किंवा मटणाचा धंदा करायचा नाही. एका विक्रेत्याने सिरोही सुचवली, पण किंमत ऐकून गप्प बसले. स्वस्त आणि काटक अशी कोणती घ्यावी? घरी मी आणि आई दोघीच. आईला एकच काळजी, पावसाळ्यात त्यांचं काय करायचं.

सांगेकर_बागायतदार:
ताई, तुमच्या आईची काळजी अगदी बरोबर आहे. त्या काळजीवरूनच जनावर निवडा.

सिरोही राजस्थानातली, कोरड्या हवेत वाढलेली. 2016 साली मीसुद्धा घाटावरच्या एका व्यापाऱ्याकडून लांब कानांच्या, उंच अशा चार बकऱ्या आणल्या होत्या. मे महिन्यापर्यंत त्यांनी भाट असं साफ केलं की शेजारी बघायला यायचे. जुलै लागला आणि पहिली खोकायला लागली. मग खुरांच्या बेचक्यात सडल्याचा वास यायला लागला. रोज संध्याकाळी मी एकेकीचा पाय मांडीवर घेऊन धूत होतो, तरी ऑगस्ट संपेपर्यंत तीन गेल्या. त्या रात्री अजून विसरलेलो नाही.

पुढच्या वर्षी कुडाळकडच्या एका घरगुती कळपातून कोकण कन्याळ आणल्या. बहुतेक काळ्या, नाकापासून कानापर्यंत दोन्ही बाजूंना पांढरा पट्टा. ही जात सिंधुदुर्गातलीच, तिथला पाऊस आपल्यासारखाच. आज माझ्याकडे आठ आहेत, त्यातल्या दोन त्याच पहिल्या खेपेच्या. कन्याळ नाही मिळाली तर आसपासच्या गावातली साधी गावठी बकरी घ्या, तीही चालते. विकणाऱ्याला जात विचारण्याआधी विचारा, "हिने इथे किती पावसाळे काढले?" दोन काढले असतील तर निम्मी परीक्षा झाली.

पिल्लांचा व्याप नको असेल तर खच्ची केलेले तरुण बोकड घ्या. उग्र वास येत नाही, मारामारी कमी, काम संपलं की विकता येतात. सोबत एक-दोन जाणत्या बकऱ्या हव्यातच, कारण काय खायचं आणि काय सोडायचं हे लहान जनावर मोठ्याकडे बघून शिकतं. भाकड बकरी स्वस्तात मिळते, पण तोंड उघडून खालचे दात बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. दात झिजलेली किंवा पडलेली बकरी करवंदाची जाळी फोडू शकत नाही. दुसरी तपासणी डोळ्याची. खालची पापणी अंगठ्याने हलकेच ओढा. आतून लालसर असेल तर ठीक, पांढुरकी पडली असेल तर पोटात जंत रक्त पीत आहेत, ती सोडून द्या.

पेडण्याचा_शेतकरी:
वरच्या बाबांशी सहमत. मी गोठ्याचंच सांगतो. जमिनीपासून दोन-तीन फूट उंच माळा करा, पोफळीच्या रिपा ठोका, मधे बोटभर फट ठेवा म्हणजे लेंडी-मूत खाली पडतं. ओली जमीन हाच बकरीचा खरा शत्रू. पावसात ती बाहेर पडतच नाही, तेव्हा फणसाचा पाला तोडून आत टांगा. रात्री दार घट्ट लावा, सत्तरीत बिबट्या आहे.

वाळपईची_माय:
बाय, घाणेरीचं लक्षात ठेव. बकऱ्या सगळं खातात असं लोक म्हणतात, पण घाणेरी यकृतावर जाते. पोट भरलेली बकरी तिला सहसा तोंड लावत नाही, नवी आणि भुकेली लावते. माझ्या एका पाटीचे (तरुण बकरीचे) डोळे हळदीसारखे पिवळे झाले, उन्हात कानांची कातडी भाजल्यासारखी सोलून आली. सरकारी डॉक्टरांनी पंधरा दिवस सावलीत ठेवून वाचवली. तेव्हापासून मी घाणेरी आणि रानमोडी कोयत्यानेच मुळासकट काढून घेते, मगच बकऱ्या सोडते. रानमोडीला तर त्या हुंगूनसुद्धा बघत नाहीत.

केरीची_लेक:
खूप आभार. घाणेरीचं मला माहीतच नव्हतं. आता दोन प्रश्न. कलमं कशी वाचवायची? आणि बकऱ्यांना दोरीने बांधून चारलं तर?

सांगेकर_बागायतदार:
चढावावर दोरी नको. झुडपात गुंडाळून गळफास बसतो, शिवाय कुत्रा आला तर पळताही येत नाही. चार फुटी जाळीचं कुंपण फिरतं करा. पंधरा-वीस दिवस एक तुकडा, मग पुढचा. पुन्हा फुटवा आला की पुन्हा तोच तुकडा, असं दोन-तीनदा झालं की करवंदाचा जोर मोडतो. जाड खोडं मात्र तुम्हालाच तोडावी लागतील, बकरी पाला आणि कोवळी साल खाते.

कलमांच्या पट्ट्यात सध्या बकरी नकोच. मागच्या पायांवर उभी राहिली की माणसाच्या छातीपर्यंत पोचते, कोवळा शेंडा एका घासात जातो. खोडं जाड आणि फांद्या उंच होईपर्यंत थांबा. काजूच्या हंगामात मोठ्या झाडांखालीही सोडू नका, बोंडं खाऊन पोट फुगतं.

पावसाआधी मे महिन्यात सरकारी दवाखान्यातून आंत्रविषार (आतड्यांचा रोग) आणि पीपीआर (बकऱ्यांचा साथीचा रोग) यांची लस टोचून घ्या, जंताचं औषधही तेव्हाच. जुने गोवे इथल्या कृषी संशोधन केंद्रात कन्याळविषयी चौकशी करा. आणि आत्ता पाचच घ्या, तेवढ्या जागेला पुरे.

केरीची_लेक:
ठरलं. दोन जाणत्या गावठी आणि तीन खच्ची बोकड. आई म्हणते पापणी ती स्वतः बघणार. दिवाळीनंतर आणते, तोवर माळा बांधून घेते.